टोपीच्या आतली टोकं

मार्तंडराव तपासणीला येणार हे कळलं, तेव्हा जयवंतीबाई वरण घोटत होत्या. फोन देवासहून किमयाचा होता, म्हणजे त्यांच्या लेकीचा. ती आधी हवापाण्याचं बोलली, मग नवऱ्याच्या, सार्थकच्या, सर्दीचं बोलली, आणि अगदी फोन ठेवता ठेवता म्हणाली की टोप्यांसाठी जिल्हा समितीनं जे परीक्षक नेमलेत ते आमचे बाबाच आहेत. बाबा म्हणजे तिचे सासरे. जयवंतीबाई "बरं" एवढंच म्हणाल्या. ही बाई एका शब्दाच्या जागी पाच वापरणारी. तिनं एकावर भागवलं म्हणजे आत काहीतरी पेटलं असं खुशाल समजावं. त्या दिवशी वरणाला फोडणी द्यायची राहून गेली.

व्याही आणि विहीण यांचं जमत नाही यात नवल नाही. जमलं तर लोक संशयानं बघतात. पण या दोघांचं बिनसणं त्या नेहमीच्या मापात बसणारं नव्हतं. जयवंतीबाई धारच्या जुन्या मराठी घरातल्या. पणजोबा संस्थानात दफ्तरदार. संस्थान गेलं, दफ्तर गेलं, पण घरात अजून "मामंजी" आणि "वन्सं" चालतं, आणि श्राद्धाच्या दिवशी तिथं जे मराठी बोललं जातं ते पुण्यातल्या माणसालाही कोश उघडून समजून घ्यावं लागेल. मार्तंडराव मूळचे सांगलीकडचे. चाळीस वर्षांपूर्वी देवासला कारखान्यात लागले आणि माल तपासण्याच्या खात्यात चौतीस वर्षं काढून निवृत्त झाले. धारवाल्यांच्या लेखी देवास म्हणजे भोंगा आणि क्वार्टर. देवासवाल्यांच्या लेखी धार म्हणजे रिकामी तिजोरी, आणि किल्ल्या मात्र कमरेला. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे.

भडका उडाला तो लग्नात, रुखवतापाशी. जयवंतीबाईंनी चार महिने खपून क्रोशाचं तोरण विणलं होतं. मोर, हत्ती, मधे गणपती. बायका बोटं न लावता लांबूनच कौतुक करत होत्या. मार्तंडराव आले, खिशातून चष्मा काढला, तोरण उलटं केलं आणि पाठीमागून बघू लागले. चाळीस माणसांसमोर त्यांनी एक लोंबणारा धागा चिमटीत धरला आणि म्हणाले, की मागची टोकं कापायची राहिली. त्यांच्या मनात काही नसेलही. चौतीस वर्षं जो माणूस प्रत्येक वस्तू आधी उलटी करूनच बघत आला, त्याला सुलटं बघायचं सुचत नाही. पण जयवंतीबाईंनी पंगतीत, तेही वाढपी थांबून ऐकतील अशा आवाजात, सांगितलं की कारखान्यातल्या माणसापुढे नटबोल्ट मांडावेत, रुखवत मांडू नये. झालं. तीन वर्षं दोन्ही घरांत दिवाळीचा फराळ कुरिअरनं जात होता.

आणि आता तोच माणूस तिरल्याला येऊन त्यांच्या टोप्या उलट्या करणार होता.

या टोप्यांचं प्रकरण पाच वर्षांपूर्वीचं. भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावर जयवंतीबाईंना घर खायला उठलं. त्या सुमारास सरदारपूरच्या बाजारात त्यांना गणोजी भेटला. पासष्टीचा, वाळकुडा, कुणाकडे न बघता बोलणारा माणूस. तो जंगली खजुराच्या, म्हणजे आपल्या शिंदीच्या, पानांच्या टोप्या विकत होता. काठ रुंद, माथा नीट बसणारा, वजन म्हणाल तर नाहीच. त्याला ही विद्या आईकडून आली होती आणि पुढे घ्यायला घरात कुणी नव्हतं. जयवंतीबाईंनी त्याला धारजवळच्या तिरल्याला आणलं, पंचायतीमागची एक खोली मिळवली, अंजू आणि आणखी अकरा बायका जमवल्या, कागदपत्रांना देवश्री नावाची चुणचुणीत मुलगी ठेवली. गणोजी शिकवू लागला. मांडू बघायला येणारे प्रवासी उन्हानं हैराण असतात. त्यांच्या डोक्यावर तिरल्याच्या टोप्या दिसू लागल्या.

माल चालला की त्याची भुतं निघतात. दोन वर्षांत मांडूच्या दुकानांत तशाच दिसणाऱ्या टोप्या आल्या. कुठून तरी बाहेरून गठ्ठ्यानं येणाऱ्या, कागदाच्या पिळलेल्या दोऱ्याच्या, मशीनवर शिवलेल्या. एका सरीत त्यांचा लगदा होई आणि प्रवासी शिव्या घालत ते तिरल्याच्या नावानं. म्हणून जिल्हा समितीनं "अस्सल हातविणीचा" असा शिक्का काढला. मांडूच्या दुकानदारांनी स्पष्टच सांगितलं की या हंगामापासून शिक्का असेल तर टोपी फळीवर राहील, नसेल तर परत न्या. जयवंतीबाईंना तो शिक्का हवा होता. खोली, बायका, पाच वर्षं, सगळं आता त्या दोन इंचांच्या शिक्क्यावर येऊन टेकलं होतं. आणि तो मार्तंडरावांच्या पिशवीत होता.

त्यांनी हरकत घेऊन बघितली. समितीच्या साहेबांना फोन केला, की परीक्षक माझे व्याही आहेत, हे नियमात बसतं का. साहेब हसले. म्हणाले, ते तर त्यांनी स्वतःच लिहून कळवलंय, आणि खाली हेही लिहिलंय की संबंध चांगले नाहीत. मग आम्हाला अडचण काय? जयवंतीबाईंनी फोन ठेवला तेव्हा त्यांचे कान तापले होते.

टोपी कशी पारखावी हे गणोजीनं त्यांना पहिल्याच वर्षी दाखवलं होतं. शिंदीचं पान फार तर हातभर. त्याच्या पट्ट्या काढून वेणी घालत जायचं, आणि ती वेणी माथ्यापासून गोल गोल शिवत काठापर्यंत आणायची. पान हातभर आणि वेणी पंचवीस हात, म्हणजे दर वितीला नवं पान जोडावं लागतं. जोडलेल्या पानाचं टोक आतल्या बाजूला निघतं. म्हणून खरी टोपी आतून खरबरीत असते. बोट फिरवलं की टोकं लागतात. कागदाच्या दोऱ्याला अंत नाही, त्यामुळे खोटी टोपी आतून गुळगुळीत. शिवाय खऱ्या टोपीवर पाणी शिंपडलं की पान ते पितं, मऊ पडतं आणि ओल्या गवताचा वास येतो. एवढं ज्याला कळलं त्याला टोपीत फसवणं कठीण.

जयवंतीबाईंना हे सगळं ठाऊक होतं. पण माणसाला जे ठाऊक असतं ते रागात आठवतंच असं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे टोपी येईना, तोरण येई. चिमटीत धरलेला तो धागा येई. हा माणूस टोपी उलटी करणार, आत बोट घालणार, आणि शंभर टोकं बघून बायकांसमोर म्हणणार की विहीणबाई, टोकं कापायची राहिली. कागदाच्या टोप्यांचं, शिक्क्याचं त्यांच्या डोक्यातच राहिलं नाही. टोकं ठेवायची नाहीत, एवढं एकच राहिलं.

तपासणीला चाळीस टोप्या द्यायच्या होत्या. तयार चाळीस समोर मांडून जयवंतीबाईंनी गणोजीला सांगितलं, की आतली टोकं ब्लेडनं साफ कर. तो नाही म्हणाला. त्यांनी पुन्हा सांगितलं. तो पुन्हा नाही म्हणाला, आणि का ते सांगू लागला, पण जयवंतीबाईंना ऐकायचंच नव्हतं. बाराही बायका हातातलं काम थांबवून बघत होत्या. त्यांच्यासमोर त्या म्हणाल्या, की बाहेरून टोपी आणि आतून केरसुणी, असलं गबाळं काम मी परीक्षकापुढे ठेवणार नाही. गणोजीच्या चाळीस वर्षांच्या कामाला गबाळं म्हणणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. तो उठला, पाय झटकले, आणि त्या दिवशी लवकर घरी गेला.

मग जयवंतीबाईंनी टोप्या धारला आपल्या घरी आणवल्या. दोन दिवस त्या आणि देवश्री ब्लेड घेऊन बसल्या. एकेक टोक मुळापासून उडवलं. तेवढ्यानं समाधान झालं नाही, तर फर्निचरला पॉलिश करणाऱ्याला बोलावून आतून बाहेरून पारदर्शक वार्निशचा हात मारून घेतला. वाळल्यावर टोप्या अशा चकचकू लागल्या की देवश्री म्हणाली, मॅडम, ये तो मॉलवाली लग रही है. जयवंतीबाईंना ते कौतुक वाटलं. त्यांनी टोप्या खोक्यात भरून खोकं चिकटपट्टीनं बंद केलं. गणोजीला काही सांगितलं नाही.

मार्तंडराव तिरल्याच्या खोलीवर आले ते बरोबर अकराला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी. तिच्यातून त्यांनी भिंग, पाण्याची छोटी बाटली, पट्टी आणि छापील तक्ता काढून टेबलावर एका ओळीत मांडला. प्रवास कसा झाला हे जयवंतीबाईंनी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. किमयाचं नाव दोघांनीही काढलं नाही. देवश्रीनं चहा आणला. मार्तंडराव म्हणाले की तपासणी चालू असताना मी अर्जदाराकडचं काही घेत नाही. अर्जदार. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. जयवंतीबाईंनी तो कप उचलला आणि सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत, स्वतः प्यायला.

खोकं उघडलं. मार्तंडरावांनी पहिली टोपी उचलली आणि अर्थातच उलटी केली. आत बोट फिरवलं. थांबले. पुन्हा फिरवलं, या वेळी माथ्यापासून काठापर्यंत. जयवंतीबाई त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून होत्या. तीन वर्षं त्यांनी या क्षणाची तयारी केली होती, आणि त्यांना वाटलं की जिंकलो. मग दुसरी टोपी, तिसरी, सातवी. भिंग लावून बघणं झालं. बाटलीतलं पाणी काठावर शिंपडलं. थेंब वार्निशवरून घरंगळून टेबलावर पडले. त्यांनी टोपी नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं.

"विहीणबाई," ते म्हणाले, "आतली टोकं कुठं गेली?"

जयवंतीबाई मान ताठ करून म्हणाल्या, की आमच्या कामात टोकं राहत नसतात.

"मग या शिंदीच्या टोप्या नव्हेत."

हे ते आवाज न चढवता बोलले, आणि त्यामुळेच जास्त लागलं. पुढचंही त्यांनी सांगून टाकलं. नेमणूक झाल्यावर मार्तंडरावांनी शिंदीच्या कामाची काहीच माहिती नाही म्हणून आठ दिवस सरदारपूरला खोली घेतली होती. बाजारात विणणाऱ्यांच्या शेजारी बसून वेणी कशी पडते, जोड कुठे येतो, टोक का निघतं, हे वहीत उतरवून घेतलं होतं. विहिणीपुढे जायचं, तर तिला बोट ठेवायला जागा मिळता कामा नये, असा त्यांचाही हट्ट होता. ते टोकं बघायलाच आले होते. टोक नाही, पाणी पीत नाही, पानाचा वास नाही. तिन्ही कसोट्यांवर माल खोटा. तक्त्यावर त्यांनी तीन फुल्या मारल्या.

इथं बाईनं सरळ सांगून टाकायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की टोकं मी कापली. पण ते कुणापुढे म्हणायचं? ज्यानं तोरणाची टोकं चाळीस माणसांत दाखवली त्याच्यापुढे. जयवंतीबाईंनी ते टाळलं. त्या म्हणाल्या, की टोप्या हातच्याच आहेत, करणाऱ्याला विचारा.

गणोजीला कोपऱ्यातून बोलावलं गेलं. मार्तंडरावांनी टोपी त्याच्या हातात दिली आणि ही तू केलीस का, असं हिंदीत विचारलं. खोकं बंद झाल्यापासून गणोजी त्या टोप्या आज पहिल्यांदा बघत होता. त्यानं ती उजेडाकडे धरली. वार्निशवर अंगठा घासला. आत हात घातला आणि तो हात आत तसाच राहिला. बघणाऱ्यांना वाटलं त्याला काही लागलं की काय.

"नी," तो म्हणाला. "या म्हारी टोपी नी हे."

जयवंतीबाईंना आधी कळेचना की हा काय म्हणाला. मग कळलं, की ही टोपी आपली नव्हेच म्हणतो, आणि संताप असा उसळला की त्यात थोडी भीती आहे हे त्यांना स्वतःलाही दिसलं नाही. ज्याला बाजारातून उठवून आणलं, ज्याला गुरुजी केलं, त्यानंच ऐन वेळी माती कालवली. देवश्री कानाशी लागून पुटपुटली, की मॅडम, काका को दिखता कम है, असंच सांगून टाकू. त्या पोरीचा हेतू त्यांना वाचवण्याचाच होता. खरं-खोटं शिकवण्यात तिची हयात गेली नव्हती, जयवंतीबाईंची गेली होती. तरी जयवंतीबाईंनी ते घेतलं.

"यांना आता नीट दिसत नाही," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "वय झालं. स्वतःचं काम ओळखू येत नाही."

गणोजीनं त्यांच्याकडे पाहिलं. पाच वर्षांत तो कुणाच्या डोळ्यांकडे बघून बोलला नव्हता. तेव्हा मात्र त्यानं सरळ पाहिलं. मार्तंडरावांनी पेन उचललं. नजर गेलेल्या कारागिराचं नाव समितीच्या यादीतून कमी होतं, हा नियम खोलीतल्या सगळ्यांना माहीत होता. जयवंतीबाईंनाही होता.

पण मार्तंडरावांनी लिहिलं नाही. कुणाच्या तोंडच्या शब्दावर त्यांनी उभ्या नोकरीत कधी माल पास केला नव्हता की नापास केला नव्हता. ते म्हणाले, तपासून बघू. गणोजीच्या खांद्यावरचा गमछा घेऊन त्यांनी स्वतः त्याचे डोळे बांधले. खोक्यातून सहा टोप्या निवडल्या. कुठल्या क्रमांकाची टोपी कुणी विणली याची यादी देवश्रीकडे होती. ती त्यांनी आपल्यासमोर ठेवून घेतली. एकेक टोपी गणोजीच्या हातात दिली आणि विचारलं, विणली कुणी?

गणोजीची बोटं वार्निशवरून फिरली. पहिलीला तो म्हणाला, अंजू, ती दुसरी पट्टी नेहमी सैल ओढते. दुसरी स्वतःची. तिसरी पुन्हा अंजूची. चौथीला जरा वेळ लागला, मग त्यानं खिडकीशी बसणाऱ्या बाईचं नाव सांगितलं आणि म्हणाला की हिचा हात त्या आठवड्यात दुखत होता. पाचवी, सहावी स्वतःच्या. मार्तंडराव यादीवर बोट ठेवत गेले. सहाच्या सहा बरोबर निघाल्या. अंजू तोंडाला पदर लावून बसली होती.

"मग मघा नाही का म्हणालास?" मार्तंडरावांनी विचारलं.

गणोजीनं गमछा सोडला. "गुंथाई म्हारी हे," तो म्हणाला. "टोपी म्हारी नी हे."

वीण त्याची, पण टोपी त्याची नव्हे. मग तो बोलत सुटला. जे जयवंतीबाईंनी त्या दिवशी ऐकून घेतलं नव्हतं, ते त्यानं आता परक्या माणसाला सांगितलं. पान उन्हानं आकसतं. पहिल्या उन्हाळ्यात ते टोकाकडून आत ओढलं जातं. टोक लांब ठेवलेलं असलं की ओढलं जाऊनही जोड धरून राहतो. मुळाशी कापलं की जोड निसटतो आणि वेणी उसवते. या टोप्या आज कितीही चमकोत, वैशाखात मांडूच्या रस्त्यावर लोकांच्या डोक्यावर उघडतील. आणि लोक विचारतील, कुणी केली? त्याच्या आईनं केलेली टोपी अकरा वर्षं टिकली होती. आपलं नाव उसवणाऱ्या टोपीवर यावं यापेक्षा टोपी आपली नव्हे हे बरं, असं त्याचं म्हणणं होतं.

मार्तंडरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, की कापली कुणी?

गणोजी गप्प. नाव घ्यायला त्याला एक शब्द लागला असता. तो खाली बघत गमछ्याची घडी करत राहिला. देवश्री भिंतीकडे बघू लागली. त्याच्या गप्प राहण्यात दया होती असं नाही. ते सांगणं त्याचं काम नव्हतं, एवढंच. खोलीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं ते कुणाचं काम आहे.

जयवंतीबाईंना स्वतःची लाज वाटली. शिक्का हातचा जातोय याची हळहळही होती, पण तिच्याही वर ही लाज आली. त्यांनी नुकतंच एका डोळस माणसाला आंधळा ठरवलं होतं, आणि तेही कशासाठी, तर या व्याह्यापुढे मान खाली जाऊ नये म्हणून.

"मी कापली," त्या म्हणाल्या. "वार्निशही मीच दिलं. यांनी नको म्हटलं होतं. यांचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत."

मार्तंडरावांच्या चेहऱ्यावर जे आलं ते लपवण्याचा त्यांनी फारसा प्रयत्न केला नाही. तीन वर्षं वाट बघितलेला पदार्थ पानात पडला होता. त्यांनी तक्ता ओढला. नाकारलेल्या मालाखाली "कारण" असा रकाना असतो, आणि रिकामा रकाना त्यांना सोसत नसे.

"कारण सांगा," ते म्हणाले.

काहीही सांगता आलं असतं. प्रवाशांना चकचकीत आवडतं, बाजाराची मागणी, अनवधान. ही सगळी कारणं लिहिण्याजोगी होती.

"तुम्ही येणार होतात."

"हे कारण होत नाही. नीट सांगा."

"मग नीट लिहा," जयवंतीबाई म्हणाल्या. "परीक्षकाची भीती वाटली. तुम्ही उलटं करून बघाल आणि चारचौघांत बोलाल, याची भीती. लेकीला भेटायला देवासला येते तेव्हा पदर चारदा बघते, की कुठं धागा लोंबतोय का. तिच्या हातचं जेवताना तिच्या तोंडाकडे बघते, की ही पण असंच भीत असेल का. लिहा."

मार्तंडरावांनी पेनाचं टोपण लावलं. मग काढलं. दुसरं कारण लिहायला त्यांना पूर्ण मुभा होती. "कारागिराला न विचारता केलेली सफाई" हेही तितकंच खरं होतं आणि ते लिहिलं असतं तर कुणी बोट ठेवलं नसतं. पण त्यांनी विचारलं होतं आणि उत्तर मिळालं होतं. मिळालेलं उत्तर बदलून लिहायचं, हे या माणसाला जन्मात जमलं नव्हतं. त्यांनी तक्ता सरळ केला. मग लिहू लागले, आणि लिहून झाल्यावर नियमाप्रमाणे वाचून दाखवलं. नाकारले. माल शिंदीचा, अस्सल हातविणीचा. आतली टोकं केंद्रचालिकेनं कापल्यामुळे व वार्निशमुळे टिकाऊपणा गेला. कारागिराचा दोष नाही. कारण, परीक्षकाची भीती. शेवटचे दोन शब्द वाचताना त्यांचा आवाज खाली आला.

"इण में म्हारो नाम तो नी आयो?" गणोजीनं विचारलं. त्याला वाचता येत नव्हतं.

मार्तंडराव म्हणाले, नाही आलं. नवा माल सहा महिन्यांनी दाखवता येईल, आणि कारागिराला हवं तर स्वतःच्या नावानं अर्ज करता येईल, हेही त्यांनी सांगितलं. गणोजीनं गमछा खांद्यावर टाकला. यापुढे जे गुंथीन ते घरी गुंथीन, असं तो अंजूला म्हणाला, जयवंतीबाईंना नाही. अंजू उठून त्याच्या मागोमाग गेली. मग आणखी दोघी गेल्या. जयवंतीबाईंनी हाक मारली नाही. कुठल्या तोंडानं मारणार होत्या?

मार्तंडरावांनी तक्त्यावर सही केली, परीक्षक या शब्दाच्या वर, आणि तक्ता त्यांच्याकडे फिरवला. जयवंतीबाईंनी अर्जदाराच्या जागी सही केली. मुलांच्या लग्नाच्या कागदानंतर या दोघांच्या सह्या एका कागदावर येण्याची ही पहिलीच वेळ होती.

"किमयाला हे कळू देऊ नका," जयवंतीबाई म्हणाल्या.

मार्तंडराव भिंग पुसत होते. ते पुसून झालं तरी पुसतच राहिले.

"ती भिते का, हे मी कधी बघितलं नाही," ते म्हणाले. "तिला सांगायला मला तरी तोंड कुठं आहे?"